बांधावरची जाळी राखा, काळी मैना घरी येईल



एप्रिल सरत आला की बोईसर आणि पालघर स्टेशनबाहेर, रस्त्याच्या कडेला पानांनी झाकलेल्या टोपल्या दिसू लागतात. पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदे आणि सोबत ओळखीची आरोळी, "डोंगरची काळी मैना!" पहाटे उठून, डोंगर चढून, हाताला काटे टोचून घेऊन आदिवासी भगिनी ती गोळा करतात. त्यांच्या कष्टाला भाव मिळालाच पाहिजे. पण शेत असलेली आपली माणसेही आता करवंदे विकतच घेताना दिसतात, तेव्हा मनात येते, आपल्या बांधावरची जाळी गेली कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर मलाच द्यायचे आहे, कारण अशी एक जाळी माझ्या सांगण्यावरून तुटली.

माझी चूक

मी नोकरीत नवा होतो. पदवी ताजी आणि उत्साह दांडगा. मनोरच्या बाजूला एका शेतकरी काकांकडे गेलो होतो. भातखाचरांच्या वर, माळाच्या कडेने करवंदाची दाट जाळी होती. मी म्हटले, "काका, ही जाळी कशाला ठेवता? जागा अडते, उंदरांना आसरा मिळतो. तोडून टाका आणि तारेचे कुंपण घाला." काका थोडे थांबले, पण साहेबांचा शब्द म्हणून त्यांनी जाळी तोडली.

पहिल्याच मोठ्या पावसात माळावरचे पाणी थेट खाचरात उतरले आणि बांध दोन ठिकाणी फुटला. पुढे लाकडी खांबांना वाळवी लागली, तार सैल पडली आणि शेळ्या भातात शिरू लागल्या. जाळी होती तेव्हा शेळी कधी आत आली नव्हती. पुढच्या मे महिन्यात मी गेलो, तेव्हा काकूंनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, लेक सुट्टीला माहेरी आली की जाताना टोपलीभर करवंदे न्यायची. आता तिच्या हातात काय देऊ?"

मला उत्तर देता आले नाही. खताचा, बियाण्याचा हिशेब मी चोख करत होतो. जाळीचा हिशेब मात्र केलाच नव्हता. तेव्हापासून कुणी जाळी तोडायला निघाले की मी ही गोष्ट सांगतो.

ओळख पटवूनच तोडा

करवंद हे रुई, कण्हेर आणि तगर यांच्या कुळातले काटेरी झुडूप आहे. मुरमाड जमीन, कातळाची कड, डोंगरउतार, कुठेही ते तग धरते. पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत असतात. काटे जोडीने येतात आणि चांगलेच टणक असतात. फुले पांढरी, चांदणीसारखी आणि सुवासिक. फळे झुबक्याने लागतात. आधी हिरवी, मग लालसर आणि शेवटी काळी-जांभळी होतात. कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो.

मुलांना ही ओळख नीट करून द्या. या कुळातल्या कण्हेरीसारख्या काही वनस्पती विषारी आहेत, त्यामुळे "चीक आला म्हणजे करवंदच" असे समजू नये. घाणेरीलाही, म्हणजे टणटणीला, झुबक्याने बारीक काळी फळे येतात. तिची हिरवी फळे विषारी असतात, पोटात गेली तर त्रास होतो. नियम एकच ठेवा: घरातल्या जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय रानातले कोणतेही फळ तोंडात घालायचे नाही.

तोडण्याची रीत

वाघोबा खिंडीच्या बाजूचे डोंगर असोत, विक्रमगड-जव्हारकडचे माळ असोत, की आपल्याच गावाची टेकडी, सकाळी ऊन चढण्याआधी निघावे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात बंद चप्पल किंवा बूट हवेत. हातात काठी घ्यावी आणि जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने बुंधा हलवून पाहावा. जाळीच्या सावलीत फुरसे बसलेले असू शकते. साप चावलाच तर दोरी करकचून बांधणे, जखम कापणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नका. माणसाला हालचाल करू न देता तडक सरकारी दवाखान्यात न्या.

पिकलेले करवंद बोटाने नुसते हलवले तरी हातात येते. ओढावे लागले तर ते अजून तयार झालेले नाही, राहू द्या. फांद्या मोडू नका. टोपलीत खाली पाने घाला आणि थर उथळ ठेवा, कारण पिकलेली फळे लगेच दबतात व एक-दोन दिवसांतच खराब होऊ लागतात.

जाळी पूर्ण ओरबाडू नका. बुलबुलासारखी पाखरे करवंदे खातात आणि बी दूर टाकतात. नवी जाळी त्यातूनच उगवते. आणखी एक गोष्ट. ज्या डोंगरावर आदिवासी कुटुंबे विक्रीसाठी फळे गोळा करतात, तिथे आपण हौसेने गेलेले असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. आपण खाण्यापुरती घ्यावीत, त्यांच्या हंगामाच्या कमाईवर हात मारू नये.

कुठली तोडू नयेत

बोईसर-तारापूरच्या वाचकांना हे मुद्दाम सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये केलेल्या मोजणीत तारापूर औद्योगिक क्षेत्र देशातल्या सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठची, कचरा टाकलेल्या जागेवरची किंवा राखेच्या ढिगाऱ्याजवळची फळे कितीही टपोरी दिसली तरी खाऊ नका. महामार्गाला अगदी लागून असलेली जाळीही सोडून द्या. वरची धूळ धुऊन जाते, पण जमिनीतून झाडात चढलेला दोष धुऊन जात नाही. आपल्या बांधावर जाळी असण्याचा हा आणखी एक फायदा. तिथल्या पाण्याची आणि मातीची खात्री आपल्याला असते.

घरात काय करावे

पहिली मौज अर्थातच नुसती खाण्याची. करवंद अर्धे चावून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरट निघाले तर कोंबडी, हा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. नातवंडांनाही शिकवा. मात्र आधी फळे स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा.

हिरव्या करवंदांचे लोणचे भगिनींना ठाऊक आहेच. चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. चिरलेली फळे थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक निघून जातो. मग ती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. ओल राहिली तर लोणच्याला बुरशी येते.

जेलीसाठी करवंदासारखे फळ नाही. ती घट्ट व्हायला लागणारे पेक्टिन त्यात भरपूर असते आणि पुरत्या पिकलेल्या फळापेक्षा अर्धवट पिकलेल्यात जास्त असते. लालसर झालेली फळे बुडतील एवढ्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. पातळ फडक्यात बांधून टांगून ठेवा, पण पिळू नका. पिळले की जेली गढूळ होते. जेवढा रस निघेल त्याच्या पाऊणपट साखर घालून मोठ्या आचेवर आटवा. चमच्यावरून थेंब न पडता पापुद्र्यासारखे पडू लागले की उतरवा आणि उकळून कोरड्या केलेल्या बरणीत भरा. फळ आंबट असल्याने भांडे स्टीलचेच वापरा.

जाळी लावा

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी आपल्या जिल्ह्यातल्या जमिनी गेल्या. गावाशेजारचे माळ घरांच्या भूखंडांसाठी सपाट होत आहेत. त्यावर आपले फारसे चालत नाही. बांधावर मात्र आपलेच चालते.

पिकलेल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून थोड्याच दिवसांत पिशवीत पेरा. हे बी फार दिवस ठेवले तर उगवत नाही. वर्षभर रोपे सांभाळा आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधाच्या कडेने साधारण दोन ते तीन फुटांवर लावा. पहिली दोन वर्षे गुरांपासून जपा, तण काढा. पुढे ती स्वतःच आपली राखण करतात आणि शेताचीही. बियांपासूनच्या झाडाला साधारण तिसऱ्या वर्षापासून फळे दिसू लागतात. मोठी फळे हवी असतील तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण बोल्ड' जातीची चौकशी करा.

आहेत त्या जाळ्या वाचवा. राब भाजताना आग माळावर जाऊ देऊ नका. राब भाजण्याच्या दिवसांत करवंद फुलावर किंवा हिरव्या फळावर असते, आणि एका वणव्यात पूर्ण हंगाम जळून जातो. कुंपणाला काटी लागली तर बुंध्यापासून न तोडता वरच्या वर छाटा आणि ती फळे संपल्यावरच छाटा.

रानमेवा म्हणजे किरकोळ माल, असे मानू नका. आपल्याच तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावाने जांभळाची झाडे राखली, म्हणून तो मान मिळाला. युरोपातल्या खेड्यांतही ब्लॅकबेरी नावाचे काळे फळ शेताच्या काटेरी कुंपणावरच पिकते आणि पिकले की घरची मुले डबे घेऊन निघतात. ते फळ गुलाबाच्या कुळातले, आपल्या करवंदाहून वेगळे. पण कुंपण राखणारा शेतकरी आणि फळाला टपलेली मुले तिथेही आहेत.

त्या काकांच्या बांधावर पुढे आम्ही दोघांनी मिळून करवंदाची रोपे लावली. काही मेली, बरीच जगली. काका आता नाहीत. गेल्या मे महिन्यात त्या बाजूला गेलो, तर काकूंनी हाक मारून थांबवले आणि पानाचा द्रोण हातात दिला. म्हणाल्या, "लेकीची टोपली बाजूला काढून ठेवली आहे, साहेब. हा तुमचा वाटा."

मी एक करवंद चावले. कोंबडा निघाला.