सिलिकॉनच्या पोटातल्या पोकळ्या

आयन रोपण: विद्युतक्षेत्राने वेग दिलेले आयन स्फटिकात घुसवणे. चिप बनवताना बोरॉन, फॉस्फरस, आर्सेनिक सिलिकॉनमध्ये याच रीतीने घालतात.

पोकळी कशी होते: हेलियम सिलिकॉनमध्ये जवळजवळ विरघळत नाही. रोपलेल्या हेलियमची मात्रा पुरेशी असली की त्याचे बुडबुडे बनतात. सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यावर वायू निसटतो आणि नॅनोमीटर मापाच्या रिकाम्या पोकळ्या उरतात.

पृष्ठऊर्जा: एक चौरस मीटर नवा पृष्ठभाग तयार करण्यास लागणारी ऊर्जा. द्रवात ती सर्व दिशांना सारखी, म्हणून थेंब गोल. स्फटिकात दिशेनुसार वेगळी, म्हणून पैलू.

वुल्फचा नियम (१९०१): समतोल आकारात केंद्रापासून पैलूचे अंतर त्या पैलूच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात असते. म्हणजे आकार मोजला की ऊर्जांचे गुणोत्तर कळते. यासाठी पोकळी फार मोलाची: ती स्फटिकाच्या आत बंद असते, तिच्या भिंतींवर हवेतल्या ऑक्सिजनचा थर चढत नाही.

सिलिकॉनच्या पृष्ठऊर्जेचे आकडे (१९९३ची मापने, ज्यूल प्रति चौरस मीटर; कंसातले अंक पैलूची दिशा दाखवतात):
- (१११) पैलू: १.२३, सर्वांत कमी
- (१००) पैलू: १.३६

समतोल की अर्धवट? लहान पोकळी लवकर समतोल गाठते. मोठीत अणूंना लांबचा प्रवास करावा लागतो, त्यामुळे तिचा आकार पुष्कळदा अपुऱ्या तापवण्याची खूण असतो.

उपयोग: पोकळ्यांच्या भिंती तांब्यासारख्या घातक धातूंचे अणू पकडून ठेवतात. हायड्रोजन रोपल्यास मात्र चपट्या भेगा पडतात आणि तापवल्यावर सिलिकॉनचा पातळ थर सुटतो. बरेचसे एसओआय (विद्युतरोधकावर सिलिकॉनचा पातळ थर असलेले) वेफर असेच बनवतात.