सुभेदार रामजी : पेन्शनीतून ग्रंथ घेणारा बाप

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. परमपूज्य बाबासाहेबांची जयंती आपण थाटामाटात करतो. पण ज्या बापाने त्यांना घडविले, त्याची आठवण किती घरांत निघते? म्हणून आज आम्ही या थोर पित्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील मालोजीही लष्करातच होते. रामजी शिकले, लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर राहिले आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमराव जन्मले, तेव्हा ते लष्करातच होते. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले. पेन्शनीत निघाल्यावर समाजाकडे पाठ फिरविणारे ते नव्हते.

ते कबीरपंथी होते. घरात मांसमद्याला थारा नव्हता. सकाळ-संध्याकाळ मुलांना जवळ बसवून अभंग आणि कबीराचे दोहे ते म्हणवून घेत. त्यांचा उपदेश सुरू होई तो स्वतःच्या घरापासून. महाभारत कशाला वाचायचे, असे भीमरावांनी विचारले. तेव्हा ते म्हणाले की, आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात कमीपणा येतो. द्रोण, कर्ण यांच्यासारखी साधी माणसे किती उंच गेली ते पाहा. मुलाला हे उत्तर पटले नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे तोंड बापाने बंद केले नाही, हे आम्हाला मोलाचे वाटते.

भीमराव लहान असतानाच आई भीमाबाई वारल्या. रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी लेकरांना माया दिली. मुंबईत परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सारा संसार होता. रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि स्वतः आडवे होत. मुलाने ग्रंथ मागितला आणि हाती पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. पैसे नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण ठेवून ग्रंथ घरी येई, आणि पेन्शन मिळताच दागिना सोडवून परत दिला जाई. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्या बहिणींच्याही सोन्याचा वाटा आहे!

१९१३ साली भीमराव बडोद्याला नोकरीवर असताना वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा शेवटची घटका आली होती. लेकाच्या पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारीला रामजींनी डोळे मिटले. कोलंबिया, लंडन, संविधान यातले काहीच त्यांना पाहायला मिळाले नाही. पण १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

बंधूंनो, भगिनींनो, आपलीही घरे एका खोलीची असतील, पगार तुटपुंजा असेल. पण पगाराच्या दिवशी पहिला खर्च कशावर होतो, गुत्त्यावर की मुलांच्या पुस्तकांवर? सुभेदारांनी आपले उत्तर जगून दाखविले.

या कष्टाळू पित्यास आमचे विनम्र अभिवादन! जयभीम!