मारतो उन्हाळा, आळ थंडीवर

हैदराबादच्या बेगम बाजारात मोटार घालायची तर धीर हवा. सुका मेवा, मसाले आणि स्टीलच्या भांड्यांची ही घाऊक पेठ. माल उतरवणाऱ्या टेम्पोंमागे गाड्या इंचाइंचाने सरकतात. मे महिन्यात बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असतात आणि बॉनेटखाली त्याहून बरेच जास्त, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही. बॅटरीचं आयुष्य झिजतं ते इथे. ती मान टाकते मात्र जानेवारीतल्या एखाद्या सकाळी, आणि दोष थंडीच्या माथी मारला जातो.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी 1859 मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचं तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सुमारे दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. प्रत्येकात शिसे आणि लेड डायऑक्साइडच्या प्लेटी, भोवती विरल सल्फ्युरिक आम्ल. सेल्फ मारला की दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट साचतं आणि आम्ल पातळ होतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर हीच क्रिया उलटी फिरवतो.

तापमान वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, म्हणून उन्हाळ्यात सेल्फ झटक्यात लागतो. पण नको त्या क्रियाही तितक्याच जोमाने चालतात. प्लेटींमधली शिशाची जाळी गंजते, पाणी उडतं, उभ्या गाडीतली बॅटरी आपोआप उतरू लागते. ढोबळ हिशेब असा, की पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं.

थंडीचं गणित वेगळं. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी घटते, उणे अठराला जवळपास निम्मी होते. त्यात ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. लडाखमधल्या द्रासमध्ये हा खरा प्रश्न आहे. तिथे पूर्ण चार्ज बॅटरी गोठत नाही; पण उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ झालेलं असल्याने ती गोठून फुटू शकते. हैदराबादचा पारा सहसा दहाच्या खाली जात नाही. एवढ्या गारठ्याने धडधाकट बॅटरी अडत नाही; अडते ती उन्हाळ्याने आधीच पोखरलेली.

यात भर घालते गर्दी. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरची वीज कमी आणि एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, दिवे यांचा भार जास्त. चार्ज अर्धवट राहतो आणि सल्फेट प्लेटींवर कडक होऊन बसतं.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 12.4 च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटी बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला. आम्ल कधीच नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवा. आणि बॅटरी तीन वर्षांची झाली असेल, तर थंडीची वाट न बघता जूनमध्येच मेकॅनिककडून लोड टेस्ट करून घ्या.