धक्क्यापासून पेठेपर्यंत

सासूबाईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं तेव्हा घरात चर्चा सुरू झाली, त्यांना काय द्यायचं? साड्यांनी कपाट भरलेलं, दागिने अंगाला टोचतात, देवदर्शनं सगळी करून झालेली. शेवटी मीच विचारलं, ''आई, तुम्हाला मनापासून काय हवंय?'' ओंकारेश्वराहून नुकत्याच आल्या होत्या. चप्पल काढता काढता म्हणाल्या, ''एकदा बोटीत बसायचंय गं. किती वर्षं मनात आहे.''

शनिवार पेठेतल्या बाईने बोटीची इच्छा धरावी याचं आमच्या ह्यांना हसू आलं. आमच्याकडे पाणी म्हणजे मुठा, आणि तीही खडकवासल्यातून सोडली तर! पण सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत मुंबईला जायचं ते आगबोटीनेच, हे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. मग काय, २०२३ च्या डिसेंबरात मुंबई-गोवा-मुंबई अशी क्रूझची तिकिटं काढली. ह्यांना रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच.

बोटीवरच्या थाटामाटाचं वर्णन करत बसत नाही. ते जाहिरातीत असतं तसंच होतं. लिफ्ट, गालिचे, चार चार ठिकाणी जेवण. मला पहिल्याच रात्री बोट लागली. मी आडवी, आणि सासूबाई मात्र डेकवर कठडा धरून वारा खात उभ्या! गोव्यात मुरगाव बंदराला बोट लागली. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. पण तिथली सहल आम्ही बोटीवरच पैसे भरून ठरवली होती, त्यामुळे खाली उतरलो तर बस हजर, नावाची पाटी घेतलेला मुलगाही हजर. मुंबईलाही असंच काहीतरी असेल, असं मी गृहीत धरलं. गृहीत धरणं हा माझा जुना दोष.

मुंबईला परत आलो ती सकाळ मी विसरणार नाही.

आदल्या रात्री सूचना आली होती की मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवा, त्या परस्पर उतरवल्या जातील. मी आज्ञाधारकपणे ठेवल्या. सकाळी उतरायला रांग, मग बॅगा शोधायला रांग. एकसारख्या काळ्या-निळ्या बॅगांच्या ढिगातून आमची सापडायला अर्धा तास गेला. सासूबाईंसाठी व्हीलचेअर मागितली होती, ती टर्मिनलच्या दारापर्यंत मिळाली. बंदर म्हणजे काही एस. टी. स्टँड नव्हे. आत क्रेन, ट्रक, मालाच्या राशी, त्यामुळे सुरक्षेसाठी पायी फिरू देत नाहीत. म्हणून बंदराच्या फाटकापर्यंत बस. त्या बसची पायरी माझ्याच गुडघ्यापर्यंत, तर सासूबाईंची काय कथा! मी मागून, कंडक्टरसारखा एक मुलगा पुढून, असं करून त्यांना चढवलं. पाच मिनिटांत ग्रीन गेटपाशी उतरवलं आणि बस निघून गेली.

फाटकाबाहेर नुसता गलका. बॅगा, पोरं, गोव्याच्या काजूची खोकी आणि टॅक्सीवाले. ''एअरपोर्ट? ठाणा? पूना?'' मी म्हटलं, ''सीएसएमटी.'' तसा एकाने तोंड फिरवलं. दुसरा म्हणाला, ''छे सौ.'' अहो, तिथून सीएसएमटी जेमतेम दीड किलोमीटर. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं तेव्हा अठ्ठावीस रुपये होतं! मोबाइलवरून टॅक्सी मागवली, तर तो गाडीवाला मला बंदराच्या कुठल्या तरी दुसऱ्याच फाटकावर शोधत होता. सासूबाई म्हणाल्या, ''अगं, एखादी रिक्षा बघ ना.'' ''आई, इथे रिक्षा नसतात. त्या वांद्र्याच्या आणि शीवच्या पलीकडे.'' त्यांचा विश्वासच बसेना. रिक्षा नाही असं गाव म्हणजे काय!

त्यांना बॅगेवर बसवून मी टॅक्सी बघायला थोडी पुढे गेले. दहा मिनिटांनी वळून पाहिलं तर त्या एका बाजूला कललेल्या. धावत गेले. हात गार पडले होते, कपाळावर घाम. ''काही नाही गं, जरा गरगरल्यासारखं झालं.'' विचारता विचारता कळलं की पहाटेपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. का? तर ''खाली उतरल्यावर कुठे सोय असेल, नसेल. उगीच तुझी धावपळ.'' न्याहारीही नाही. आणि सकाळची रक्तदाबाची गोळी? ती मोठ्या बॅगेत, कुलपात.

बायांनो, हे वाचताना तुमच्यापैकी किती जणींनी मान डोलवली असेल! लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणजे आधी पाणी तोडायचं, ही आपल्या आया-आज्यांनी आपल्याला दिलेली शिकवण. बोटीवर पावलोपावली चकचकीत स्वच्छतागृहं होती, आणि तरीही शेवटच्या दीड किलोमीटरच्या धास्तीने ही बाई तहानलेली राहिली.

फाटकापासून थोड्या अंतरावर एक चहावाला होता. त्याने न सांगता स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, चहात दोन चमचे साखर जास्त घातली. मी फूटपाथवर बॅग उघडली. लुगडी, टॉवेल, काजूची पाकिटं सगळी रस्त्यावर, आणि तळाशी गोळ्यांचा डबा. बिस्किटं खाऊन गोळी घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. चहावाल्यानेच रस्त्यावरून जाणारी एक टॅक्सी हात करून थांबवली. म्हातारे टॅक्सीवाले काका होते. मीटर टाकला, बॅग स्वतः उचलली, आणि आम्हाला सीएसएमटीच्या पी. डिमेलो रोडकडच्या दाराशी सोडलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट त्या बाजूने जवळ पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

डेक्कन क्वीनला अजून चार-साडेचार तास होते. वेटिंग रूममध्ये पाय पसरून बसल्यावर सासूबाई बोलायला लागल्या. ''तेव्हा बोटीत कसली लिफ्ट नि कसलं काय! वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागायचीसुद्धा नाही. लांब समुद्रात उभी. आपण होडीतून जायचं, आणि लाटेचा अंदाज घेत शिडीवर पाय टाकायचा. माझी आई नऊवारीचा काचा मारून चढायची. पावसाळ्यात बोटी बंदच. पण मुंबईला भाऊच्या धक्क्याला उतरलं ना, की धक्का माणसांनी भरलेला. प्रत्येकाचं कुणीतरी आलेलं. आमचा मामा गिरगावातून यायचा. हमालाशी घासाघीस त्याची, व्हिक्टोरिया ठरवायची त्याने. आपण फक्त त्याचं बोट धरायचं.''

आज मामा नाही. कोकणच्या त्या बोटीही राहिल्या नाहीत. रस्ते झाले, एस. टी. वाढली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे मंगळूरपर्यंत सलग धावू लागली. बोट आता गरज म्हणून नाही, हौस म्हणून. पण हौसेच्या बोटीतूनही शेवटी जमिनीवरच उतरायचं असतं. आणि मामाचं काम आता कुणी करायचं, हा प्रश्न आमच्या दोघींसारख्यांना उभा राहतोच.

घरी आल्यावर मी जरा वाचलं, तेव्हा गंमत कळली. ज्या बॅलार्ड पियरला आमची बोट लागली, तिथे एके काळी चक्क रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल नावाचं. १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली. सप्टेंबर ते डिसेंबरात विलायतेहून साहेब लोकांच्या बोटी यायच्या, तेव्हा ही गाडी त्या धक्क्यावरच्या स्टेशनातूनच सुटायची. साहेबाने बोटीतून उतरायचं, चार पावलं चालायचं आणि थेट दिल्ली-पेशावरच्या गाडीत बसायचं. म्हणजे बोट आणि गाडी यांची गाठ घालून देणं काही अशक्य नसतं. कुणासाठी घालायची ते ठरवावं लागतं.

सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या नणंदेने आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे क्रूझची दोन टर्मिनल आहेत. हार्बरफ्रंटचं जे आहे, तिथून मॉलमधून चालत गेलं की मेट्रोचं स्टेशन. दुसरं मरीना बेचं, नवं आणि मोठं, पण तिथून मेट्रोला सामान ओढत बरंच चालावं लागतं. शहर एकच, शिस्तही तीच. तरी आपली बोट कुठल्या टर्मिनलला लागणार हे आधी बघितलं नाही, तर तिथेही फजिती.

आता मुंबईतही बदल झालाय. २० सप्टेंबर २०२५ ला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे. पाठोपाठ ऑक्टोबरात मेट्रो तीनचा कफ परेडपर्यंतचा टप्पा सुरू झाला, त्यात सीएसएमटीलाही स्टेशन आहे. चांगलं झालं. दहा लाखांत आमच्या सासूबाईंसारख्या किती असतील याचा विचार करून बुटक्या पायरीची बस, बाहेर पडल्यापडल्या बायकांसाठी स्वच्छतागृह, बसायला चार बाकं आणि ठरलेल्या भाड्याची टॅक्सी, एवढं असलं तरी मामाची उणीव निम्मी भरून निघेल.

बाकीची निम्मी आपणच भरायची. तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन असा बेत करत असाल, तर माझ्या फजितीतून एवढं घ्या. गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, पाण्याची बाटली, बिस्किटं आणि एक साडी खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग आदल्या रात्री देऊन टाकावी लागते. सामान थोडकं असेल तर ते स्वतःच घेऊन उतरता येईल का ते विचारा, बॅगांच्या ढिगातून शोधाशोध वाचते. व्हीलचेअर सांगताना ''मिळेल ना?'' एवढंच विचारू नका, ''कुठपर्यंत?'' ते विचारा. बोटीतून उतरायच्या आधी, खोलीतच, सगळ्यांना बाथरूमला जाऊन यायला सांगा आणि वर पाणी प्यायला लावा.

परतीची गाडी बोट पोचायच्या वेळेपासून निदान चार तासांनंतरची ठेवा. बोट उशिरा लागते, आणि लागली तरी उतरवायला वेळ घेतात. टॅक्सीसाठी फाटकाच्या तोंडाशी घासाघीस करू नका. मागची माणसं सावलीत बसवून एकीने थोडं पुढच्या रस्त्यावर जावं, चालती टॅक्सी मीटरने मिळते. २०२५ च्या फेब्रुवारीपासून किमान भाडं एकतीस रुपये झालंय, सुटे जवळ ठेवा. मोबाइलवरून गाडी मागवायची तर बंदराचं नाव न घालता बाहेरची ठळक इमारत निवडा. आणि रेल्वेचं बुकिंग नसेल तर सीएसएमटीहून लोकलने दादर, तिथून शिवनेरी. सकाळी गर्दी सगळी सीएसएमटीकडे येणारी असते, उलट्या बाजूच्या गाड्यांत बसायला मिळतं.

त्या संध्याकाळी डेक्कन क्वीनमध्ये सासूबाईंनी कटलेट मागवलं, आवडीने खाल्लं. खंडाळ्याचा घाट अंधारातच गेला. साडेआठच्या सुमारास पुणे स्टेशनात उतरलो. बाहेर आलो, आणि पहिल्याच रिक्षावाल्याला विचारलं, ''शनिवार पेठ?'' त्याने आमच्याकडे न बघताच मान हलवली. ''पेठेत नाही जमणार. वन-वे फार.''

सासूबाई हसायलाच लागल्या. ''मुंबईच्या टॅक्सीवाल्याला नावं ठेवत होतीस ना?'' तिसरा रिक्षावाला तयार झाला. मी बॅग आत ढकलत होते, तर त्यांनी आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि मला दाखवून दोन मोठे घोट घेतले. मग म्हणाल्या, ''पुढच्या वर्षी लक्षद्वीपला जाऊ या. पण उतरल्यावर पुढे कसं जायचं ते आधी विचारून ठेव.''