लिंबूटिंबू कोणीच नाही: जुन्या मोज्यांचा नेमबाजीचा खेळ

आज बाजारातून काहीही न आणता, अर्ध्या तासात तयार होणारा खेळ. आणि असा, की चार वर्षांचा छोटू आणि दहा वर्षांची ताई खरोखर बरोबरीने खेळतील.

आधी पिशव्या. जुन्या मोज्यात साधारण अर्धी वाटी मूग भरा. छोटूच्या मुठीत मावेल इतकेच. घट्ट गाठ मारा, वरचा भाग कापा. त्यावर दुसरा मोजा चढवून तोंड शिवून टाका. अशा पाच करा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मूग नकोच, दाणा नाकात-घशात अडकू शकतो. नुसते गुंडाळलेले मोजे वापरा.

चेंडू का नको? तो बादलीत पडून उसळतो, बाहेर येतो आणि मग 'गेला होता!' 'नव्हता गेला!' सुरू. मुगाची पिशवी आपटली की आतले दाणे एकमेकांवर घासतात, जोर तिथेच जिरतो. त्यामुळे ती फारशी उसळत नाही आणि सोफ्याखालीही पळत नाही.

आता नेम. परात, बादली, छोटं पातेलं. अनुक्रमे 5, 10 आणि 20 गुण. तळाशी जुना टॉवेल टाका, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका वर येतील! टीव्हीकडे तोंड करून खेळू नका. आणि पिशवी खालून, उंच फेकायला शिकवा. वरून खाली येणाऱ्या पिशवीला भांड्याचं तोंड पूर्ण उघडं मिळतं. सरळ मारलेली काठावर आपटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यांना एकच रेषा दिली की छोटू हरतो, रडतो, आणि आपण म्हणतो, "तो लिंबूटिंबू आहे, त्याचं धरू नका." त्याला ते बरोब्बर कळतं. म्हणून प्रत्येकाची वेगळी रेषा. सुरुवात तीन फुटांवरून, खडूने. पाचपैकी चार किंवा पाच आत गेल्या तर रेषा एक पाऊल मागे. एक किंवा शून्य, तर एक पाऊल पुढे. दोन-तीन गेल्या तर आहे तिथेच. मोबाईल गेम आपल्याला असंच धरून ठेवतात: फार सोपं नाही, फार अवघड नाही.

चार-पाच डावांत ज्याची त्याची रेषा सापडते. तिथून गुण मोजायला लागा. ताई लांबून, छोटू जवळून, पण दोघांनाही नेम धरावाच लागतो. छोटू जिंकला, तर तो खरंच जिंकलेला असतो.

करून बघा, आणि कोणाची रेषा कुठपर्यंत गेली ते कळवा. भेटू पुढच्या भागात!