एकाचा वार, साऱ्यांना जन्मठेप

वार एकाने केला आणि जन्मठेप दहा जणांना झाली, असे भारतीय कायद्यात घडू शकते. पाच किंवा अधिक माणसे गुन्ह्यासारख्या निषिद्ध समान उद्देशाने एकत्र आली, की ती ‘गैरकायद्याची मंडळी’ ठरते. एकाने केलेला खून त्या उद्देशापायी असेल, किंवा तो होण्याचा संभव सर्वांना ठाऊक असेल, तर प्रत्येक जण खुनाचा दोषी. भारतीय दंड संहितेतील हे कलम 149, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 190 झाले.

सत्र न्यायालयाने अशी शिक्षा दिल्यास उच्च न्यायालयात अपील करणे हा आरोपीचा हक्क आहे. त्याची मुदत 60 दिवस, फाशी असल्यास 30 दिवस. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही.

अपिलात जमाव पुन्हा एकेका माणसात मोजला जातो. पाच जण खरोखर होते का? काही आरोपी सुटून संख्या पाचाखाली आली, आणि ओळख न पटलेले इतर साथीदार होते हेही सिद्ध झाले नाही, तर कलम 149 (आता 190) कोसळते. मग प्रत्येकाचा स्वतःचा वाटा किंवा दंड संहितेच्या कलम 34 मधील (आता न्याय संहितेचे कलम 3(5)) समान इरादा सिद्ध करावा लागतो. उद्देश खुनाचा होता की नुसत्या मारहाणीचा? आरोपी मंडळीत सामील होता, की आरडाओरडा ऐकून आलेला बघ्या?

याबाबतचा गाजलेला निवाडा म्हणजे ‘मसाल्टी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ (1964). तो लिहिला मराठी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मंडळीचा सदस्य असल्याचे सिद्ध झाले, तर प्रत्येकाने स्वतः वार केल्याचा पुरावा लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. मात्र हल्लेखोर आणि बळी दोन्ही मोठ्या संख्येने असतील, तर दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतलेल्यांनाच दोषी धरण्याची कसोटी त्यांनी उपयुक्त मानली. त्याच खटल्यात तिघा तरुणांची फाशी जन्मठेपेवर आली. ही कसोटी न्यायालये आजही वापरतात.

वकील परवडत नसला तरी अपिलाची वाट बंद होत नाही. कैदी तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील दाखल करू शकतो आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला मोफत वकील मिळतो.