विश्लेषण : तंत्रज्ञानाचे कोणते पॉडकास्ट नियमित ऐकावेत?

तंत्रज्ञानावरील पॉडकास्टना तोटा नाही. अडचण एवढीच, की त्यातील बहुतेकांचे आयुष्य आठवडाभराचे असते. नवा फोन आला, नवे एआय मॉडेल आले, चर्चा झाली, संपले. रोज प्रवासात ऐकायचे तर निकष वेगळा हवा : दोन वर्षांपूर्वीचा भाग आज ऐकला तरी काही हाती लागते का? या निकषावर टिकणारी नावे थोडीच आहेत.

सुरुवात कुठून करावी?

‘डार्कनेट डायरीज’पासून. नेटवर्क सुरक्षेत काम केलेला जॅक रायसायडर २०१७ पासून हा इंग्रजी पॉडकास्ट चालवतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी ‘नॉटपेट्या’चा भाग निवडावा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हा मालवेअर पसरला आणि डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पडले. झळ थेट उरणपर्यंत आली. जेएनपीटीमधील याच समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हरही पुसले गेले होते. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! (भारनियमनाच्या बाजूने सापडलेला हा बहुधा एकमेव पुरावा.)

अभियांत्रिकीच्या परीक्षेसाठी नेटवर्कचे सात थर पाठ करणाऱ्यांना ते थर कोसळतात कसे, हे इथे कळते. आणखी एक गोष्ट वारंवार जाणवते. अनेक प्रकरणांत चोर आत शिरतो तो कोणाला तरी बोलण्यात गुंतवून, घाबरवून किंवा घाई करायला लावून. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी जात असताना घरातल्यांना ही युक्ती समजावून सांगायला यातली उदाहरणे उपयोगी पडतात. अमेरिकी उच्चार जड जात असतील तर प्रत्येक भागाची संहिता संकेतस्थळावर मोफत वाचता येते.

बाकीचे कोणते?

‘अक्वायर्ड’मध्ये बेन गिल्बर्ट आणि डेव्हिड रोझेन्थल एकेका कंपनीचा इतिहास उलगडतात. भाग तीन-चार तासांचे, म्हणजे मुंबई-पुणे प्रवासाचा ऐवज. मॉरिस चँग यांनी वयाच्या ५५व्या वर्षी, १९८७ मध्ये तैवानमध्ये टीएसएमसी कशी सुरू केली, हे ऐकल्यावर चिपनिर्मितीच्या बातम्या वेगळ्या वाचल्या जातात. मात्र सूत्रसंचालक यशस्वी कंपन्यांच्या प्रेमात आहेत, हे लक्षात ठेवून ऐकावे.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चा ‘हार्ड फोर्क’ खुसखुशीत आहे, पण तो शिळा चालत नाही. त्याच आठवड्यात ऐकावा.

भारतीय संदर्भ हवा असेल तर हिंदीतील ‘पुलियाबाजी’. नावाचा अर्थ छोट्या पुलावर बसून मारलेल्या गप्पा, आपल्याकडच्या पारावरच्या गप्पांसारख्या. तक्षशिला इन्स्टिट्यूशनमधील प्रणय कोटस्थाने आणि त्यांचे सहकारी सेमीकंडक्टरसारखा विषय सरकारी धोरणाशी जोडून सोप्या भाषेत मांडतात. मराठीत गप्पांचे पॉडकास्ट रंगतात. तंत्रज्ञानाला अशी सातत्याची बैठक मिळायला हवी.

ऐकायचे कशावर?

पॉडकास्ट ‘आरएसएस’ या खुल्या पद्धतीवर चालतो. निर्माता भागांची यादी इंटरनेटवर ठेवतो आणि कोणतेही अॅप ती वाचू शकते. त्यामुळे २०२४ मध्ये ‘गुगल पॉडकास्ट’ बंद झाले तरी कार्यक्रम सुरूच राहिले. अँड्रॉइडवर ‘अँटेनापॉड’ हे मोफत, जाहिरातमुक्त अॅप पुरेसे आहे. १२८ केबीपीएस दर्जाच्या एक तासाच्या भागाला साधारण ५८ एमबी डेटा लागतो. तोच भाग यूट्यूबवर व्हिडिओसह पाहिला तर कितीतरी जास्त. घरच्या वायफायवर रात्री डाउनलोड करून ठेवला, की लोकलच्या बोगद्यातही आवाज तुटत नाही.